रात्रवर्गातून निघालेली विद्याशाखा : सांस्कृतिक अभ्यासाची गोष्ट

जून २००२. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाने सांस्कृतिक अभ्यास आणि समाजशास्त्र हा आपला विभाग बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. आदल्या वर्षीच्या देशव्यापी संशोधन-मूल्यांकनात विभागाला अपेक्षेपेक्षा खालची श्रेणी मिळाली होती. निषेधाची पत्रे जगभरातून आली, पण निर्णय फिरला नाही. अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत ज्या विषयाची अध्यासने उभी राहिली होती, त्या विषयाचे मूळ घरच असे मोडले गेले.

हे घर १९६४ मध्ये बांधले गेले होते. ‘सेंटर फॉर कंटेम्पररी कल्चरल स्टडीज’ हे त्याचे नाव. हा धागा त्या केंद्राचा आणि तिथे घडलेल्या विचारांचा आहे.

आज हा विषय विद्यार्थ्यांपुढे येतो तो बहुधा नावांची यादी होऊन. आर्नल्ड, लीव्हिस, अडॉर्नो, विल्यम्स, ग्राम्शी, अल्थुसर, बार्थ, हॉल. एकेका नावापुढे एकेक संज्ञा आणि परीक्षेत त्यावर टीप. या पद्धतीत मुख्य गोष्टच निसटते. यांतला जवळजवळ प्रत्येक सिद्धांत हा एखाद्या चालू भांडणात कोणीतरी कोणाला तरी दिलेले उत्तर आहे. उत्तरे पाठ होतात, भांडण मात्र कोणी सांगत नाही. ते भांडण असे की, ‘संस्कृती’ म्हणावे कशाला आणि तिचा अर्थ ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

सुरुवात १८६६ च्या जुलैपासून करावी लागते. मताधिकार मागणारा कामगारांचा जमाव लंडनच्या हाइड पार्कवर गेला. सरकारने उद्यानाची फाटके बंद केली, तेव्हा गर्दीच्या रेट्याने कुंपणाचे गज उखडले. लंडनच्या सभ्य समाजाला त्याचा मोठा धक्का बसला. मॅथ्यू आर्नल्डचे ‘कल्चर अँड अनार्की’ हे पुस्तक १८६९ मध्ये आले ते या पार्श्वभूमीवर. शीर्षकातील ‘अराजक’ म्हणजे हे उखडलेले गज, आणि त्यावरचा उतारा म्हणजे ‘संस्कृती’ : मानवजातीने आजवर जे उत्तमोत्तम विचारले आणि लिहिले त्याचा परिचय.

आर्नल्डला निव्वळ उच्चभ्रू म्हणून निकालात काढण्याची रीत आहे. ती अन्यायाची आहे. हा मनुष्य ३५ वर्षे सरकारी शाळा-तपासनीस होता आणि गरिबांची मुले कोणत्या वर्गखोल्यांत बसतात हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ते उत्तमोत्तम सर्वांपर्यंत पोचावे अशीच त्याची इच्छा होती. फक्त ते उत्तमोत्तम कोणते हे पोचवणारा ठरवणार होता, घेणारा नव्हे.

पुढे केंब्रिजमध्ये एफ. आर. लीव्हिस यांनी हीच भूमिका अधिक कडवेपणाने मांडली. चित्रपट, जाहिराती आणि स्वस्त कादंबऱ्या यांच्या लोंढ्यात भाषेची आणि संवेदनेची राखण मूठभर जाणकारच करू शकतील, असे त्यांचे मत होते. परंतु १९३३ मध्ये त्यांनी डेनिस थॉम्पसन यांच्यासह शाळांसाठी एक पुस्तक केले आणि त्यात मुलांना चक्क जाहिराती बारकाईने वाचण्याचे स्वाध्याय दिले. हेतू मुलांना जाहिरातींपासून वाचवण्याचा होता. पण कवितेसाठी घडवलेले हत्यार साबणाच्या जाहिरातीला लावता येते, हे त्यातून सिद्ध झाले. लीव्हिस यांच्या विरोधकांनी पुढे तेच हत्यार उचलले.

आता ‘बहिःशाल शिक्षण’ हा शब्द. विद्यापीठाच्या भिंतींबाहेर, नोकरी-धंदा करणाऱ्या प्रौढांसाठी चालणारे शिक्षण. इंग्लंडमध्ये १९०३ मध्ये स्थापन झालेली ‘वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन’ ही संस्था आणि विद्यापीठांचे बहिःशाल विभाग मिळून असे वर्ग चालवीत. दिवसभराचे काम आटोपून माणसे संध्याकाळी येत आणि साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र यांवर चर्चा करीत. परीक्षा नाही, पदवी नाही. आवडले नाही तर पुढच्या आठवड्यात माणूस येत नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या वर्गांवर तीन तरुण शिक्षक शिकवत होते. वेल्समधील रेल्वे सिग्नलमनचा मुलगा रेमंड विल्यम्स हा ऑक्सफर्डच्या वतीने ससेक्स भागात. लीड्सच्या हन्स्लेट या कामगारवस्तीत आजीच्या छायेत वाढलेला अनाथ मुलगा रिचर्ड हॉगार्ट हा हल विद्यापीठाच्या वतीने. आणि इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यॉर्कशायरच्या गिरणगावांत. सांस्कृतिक अभ्यासाचे आरंभीचे ग्रंथ मानले जातात ते याच तिघांचे : हॉगार्टचे ‘द यूजेस ऑफ लिटरसी’ (१९५७), विल्यम्सचे ‘कल्चर अँड सोसायटी’ (१९५८) आणि ‘द लाँग रेव्होल्यूशन’ (१९६१), थॉम्पसनचे ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास’ (१९६३). तिन्ही लेखक तेव्हा बहिःशाल शिक्षक होते किंवा नुकतेच त्या कामातून बाहेर पडले होते. हा योगायोग नव्हे. समोरच्या खाणकामगाराला किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईला ‘तुम्हाला संस्कृती नाही, ती आम्ही देतो’ असे सांगून तो वर्ग चाललाच नसता.

हॉगार्टने आपल्या पुस्तकात हन्स्लेटचे घर उभे केले. चूल, आजी, शेजारणी, क्लबमधील गाणी, मासिकांतील गोष्टी, बोलण्यातल्या म्हणी. साहित्यसमीक्षक कादंबरीकडे जेवढ्या लक्षपूर्वक पाहतो, तेवढ्याच लक्षपूर्वक त्याने एका गल्लीच्या जगण्याकडे पाहिले. पुस्तकाच्या उत्तरार्धात मात्र तो नव्या चकचकीत करमणुकीवर तुटून पडतो. त्याची एक गंमत आहे. स्वस्त कादंबऱ्यांतील खरे उतारे छापले तर बदनामीचे खटले होतील, अशी भीती प्रकाशकाच्या वकिलांना वाटली. तेव्हा हॉगार्टने उतारे आणि शीर्षके स्वतःच रचली. ती इतकी हुबेहूब साधली की, या लिखाणाविषयी लेखकाच्या मनात निव्वळ तिरस्कार होता यावर विश्वास ठेवणे जड जाते.

विल्यम्सने प्रश्नच वेगळ्या ठिकाणी नेला. १९५८ मधील एका निबंधात तो हेरफर्डच्या कॅथीड्रलजवळून सुटणाऱ्या बसमध्ये बसतो आणि आपल्या गावाच्या वाटेवर संस्कृतीचा अर्थ शोधतो. निबंधाचे नावच सांगते की संस्कृती ही सामान्य, रोजची गोष्ट आहे. कॅथीड्रलमधील जुना नकाशा संस्कृती आहेच. पण गावातील माणसांनी एकमेकांशी वागण्याच्या ज्या रीती घडवल्या, कामगारांनी ज्या संघटना उभारल्या, त्याही संस्कृतीच. ‘संपूर्ण जीवनपद्धती’ म्हणून संस्कृतीकडे पाहण्याची दृष्टी येथून रुजली. थॉम्पसनला हेही पुरेसे वाटले नाही. जीवनपद्धती म्हटले की सगळे गुण्यागोविंदाने नांदत असल्याचा भास होतो, संघर्ष कुठे गेला, असा त्याचा आक्षेप होता. ‘जीवनपद्धती’ऐवजी ‘संघर्षपद्धती’ म्हणा, असा त्याचा आग्रह होता.

याच सुमारास पलीकडून आलेला एक निराळा विचारही ध्यानात ठेवायला हवा. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले अडॉर्नो आणि हॉर्कहायमर यांनी कॅलिफोर्नियात, हॉलिवूडच्या शेजारी बसून १९४४ मध्ये ‘संस्कृती-उद्योग’ ही कल्पना मांडली. गाणी आणि चित्रपट कारखान्यातील मालासारखे साच्यातून निघतात. वरवर निवडीला वाव दिसतो, आत सगळे एकसारखे असते, आणि श्रोता त्या साच्यातच विचार करू लागतो. फॅसिझमने रेडिओ कसा वापरला हे पाहिलेल्या माणसांचा हा निष्कर्ष होता, म्हणून तो सहज झटकता येत नाही. बर्मिंगहॅमचे बरेचसे काम या निष्कर्षाशी वाद घालण्यात गेले.

आता केंद्राकडे. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ छापल्याबद्दल पेंग्विन प्रकाशनावर १९६० मध्ये अश्लीलतेचा खटला भरला गेला. हॉगार्टने बचाव पक्षाच्या वतीने दिलेली साक्ष गाजली आणि पेंग्विन निर्दोष सुटले. पुढे हॉगार्ट बर्मिंगहॅममध्ये इंग्रजीचा प्राध्यापक झाला आणि त्याने केंद्राची कल्पना मांडली. विद्यापीठाने जागा दिली, पैसे फारसे दिले नाहीत. पैसे पेंग्विनचे ॲलन लेन यांनी दिले. त्या देणगीतून एका सहकाऱ्याची नेमणूक झाली. त्याचे नाव स्ट्युअर्ट हॉल.

हॉल जमैकाचा. जन्म १९३२, किंग्स्टन. १९५१ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर तो ऑक्सफर्डला आला. १९५६ मध्ये इंग्लंड-फ्रान्सने सुएझवर आणि सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टवर चाल केली. या दोन्हींशी नाते तोडणाऱ्या तरुण डाव्यांत तो होता, आणि ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’चा पहिला संपादकही तोच. दक्षिण लंडनच्या शाळेत त्याने बदली शिक्षक म्हणून काम केले. वर्गातील मुले सिनेमा आणि गाण्यांत बुडालेली असतात, मग शिक्षकाने त्याविषयी बोलायचेच नाही काय, हा प्रश्न त्याला तिथेच पडला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हॉगार्ट युनेस्कोत गेला आणि केंद्राची धुरा हॉलकडे आली.

धुरा या शब्दावरून ग्राम्शीकडे वळता येते. मुसोलिनीच्या तुरुंगात इटलीच्या अंतोनिओ ग्राम्शीने वह्या भरभरून टिपणे लिहिली. १९३७ मध्ये तो गेला. त्या वह्यांतील मोठी निवड इंग्रजीत १९७१ मध्ये आली आणि बर्मिंगहॅमच्या विद्यार्थ्यांनी तिचा फडशा पाडला. ग्राम्शीची मध्यवर्ती संज्ञा ‘हेजेमनी’. मराठीत तिला कोणी ‘वर्चस्व’ म्हणतात, कोणी ‘धुरीणत्व’. दुसरा शब्द अधिक नेमका आहे. वर्चस्व लाठीनेही मिळते. धुरीण म्हणजे जोखडाच्या पुढच्या बाजूस चालणारा, ज्याच्या मागे बाकीचे आपण होऊन चालतात. सत्ताधारी वर्ग सतत बळ वापरून टिकत नाही. आपला हितसंबंध हाच सर्वांचा शहाणपणा आहे असे तो लोकांना पटवतो. ही संमती एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली असे नसते, ती पुनःपुन्हा मिळवावी लागते. म्हणून ती गमावलीही जाऊ शकते.

फ्रान्समधूनही बरेच काही आले. रोलाँ बार्थने एका मासिकाच्या मुखपृष्ठावर फ्रेंच झेंड्याला सलाम करणारा कृष्णवर्णीय तरुण सैनिक पाहिला आणि त्या साध्या छायाचित्रात साम्राज्य स्वतःला निर्दोष कसे ठरवते ते उलगडले. अल्थुसरने सांगितले की विचारप्रणाली माणसाला हाक मारते. रस्त्यात पोलिसाने ‘अहो!’ म्हणताच आपण मागे वळतो आणि वळताक्षणी त्याच्या लेखी कोणीतरी होऊन जातो. अल्थुसरच्या या मांडणीत माणसाला सुटायला जागा फार थोडी आहे. ग्राम्शी बर्मिंगहॅमला अधिक जवळचा वाटला तो याच कारणाने.

१९७३ मध्ये हॉलने दूरचित्रवाणीवर एक टिपण लिहिले. ते सायक्लोस्टाइल करून वाटले गेले, केंद्राची पद्धतच ती होती. त्यातील विचार असा : कार्यक्रम करणारा आशयाचे संकेतन करतो, पाहणारा त्याचे विसंकेतन करतो, आणि या दोन क्रिया एकच असतील याची हमी नसते. पाहणारा सांगितलेला अर्थ जसाच्या तसा घेईल, किंवा तडजोड करून घेईल, किंवा उलटा वाचील. यांतली मधली शक्यता हॉलने कामगाराच्या उदाहरणाने स्पष्ट केली. संपाच्या हक्कावर मर्यादा आणणाऱ्या विधेयकावरची चर्चा एक कामगार ऐकतो. महागाई रोखण्यासाठी सर्वांनी कमी पगारात भागवावे, हा ‘राष्ट्रहिताचा’ युक्तिवाद त्याला पटतोही. आणि तरी स्वतःच्या कारखान्यात पगारवाढीसाठी तो संपावर जातो. तो मूर्ख नाही, दुटप्पीही नाही. एकाच डोक्यात दोन तर्क नांदत असतात.

हे टिपण आज जगभर शिकवले जाते. डेव्हिड मोर्लीने मात्र ते कसोटीला लावले. बीबीसीच्या ‘नेशनवाइड’ या कार्यक्रमाचे भाग त्याने २९ निरनिराळ्या गटांना दाखवले आणि त्यांची चर्चा नोंदवली (१९८०). बँकेतील व्यवस्थापक आणि कारखान्यातील उमेदवार मुले यांची वाचने बरीच जवळ आली. कामगार-प्रतिनिधी विरोधात गेले. काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तर तो कार्यक्रम आपल्यासाठी नाहीच म्हणून बाजूला सारला. म्हणजे वर्गावरून वाचन सरळ ठरत नव्हते आणि तीन कप्पेही पुरत नव्हते. केंद्राची ही सवय वाखाणण्यासारखी होती. स्वतःच्या सिद्धांताला तेथे देव्हाऱ्यात बसवले जात नसे.

तीच गोष्ट पॉल विलिसची. ‘लर्निंग टू लेबर’ (१९७७) साठी तो एका औद्योगिक गावातील शाळेत १२ कामगार-मुलांच्या टोळक्याबरोबर राहिला. मुले शिक्षकांची टर उडवतात, अभ्यास करणाऱ्यांना हिणवतात, शाळेचा शब्द मानत नाहीत. शाळा सर्वांना समान संधी देते हे खोटे आहे, एवढे त्यांनी ओळखलेले असते. आणि नेमक्या या बंडामुळेच ती १६ व्या वर्षी हसत-हसत त्याच कारखान्यात जातात, जिथे त्यांना जायला लावण्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही. प्रतिकार आणि पराभव एकाच कृतीत कसे असू शकतात, हे याहून स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल.

पण या अभ्यासांतील मुली कुठे होत्या? टेडी बॉइज, मॉड्स, स्किनहेड्स अशा तरुणांच्या उपसंस्कृतींवर केंद्राने लिहिले, आणि सर्वत्र नायक मुलगेच. अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी विचारले की मुली रस्त्यावर दिसत नाहीत याचा अर्थ त्यांची संस्कृती नाही, की अभ्यासक चुकीच्या जागी पाहत आहेत? मुलींचे जग घरात, मैत्रिणीच्या खोलीत, भिंतीवरच्या गायकाच्या चित्रासमोर होते. केंद्रातील स्त्रियांनी १९७८ मध्ये स्वतःचा खंड काढला. तो सुखासुखी निघाला नाही, फार कटुता झाली. उदार वृत्तीच्या पुरुषांना आपल्या सत्तेवर बोट ठेवलेले किती झोंबते, हे हॉलने पुढे स्वतःच्या अनुभवाने मान्य केले.

केंद्राचे सर्वांत मोठे काम बर्मिंगहॅममध्येच, अक्षरशः दारात येऊन पडले. ५ नोव्हेंबर १९७२ च्या रात्री हँड्सवर्थ या वस्तीत तीन मुलांनी एका माणसाला मारहाण करून लुबाडले. मुले १५-१६ वर्षांची, मिश्र वांशिक पार्श्वभूमीची. पुढच्या मार्चमध्ये एकाला २० वर्षांची आणि दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. वृत्तपत्रांनी गुन्ह्याला नाव दिले ‘मगिंग’. हा शब्द अमेरिकेतून आला होता आणि इंग्लंडच्या कायद्यात असा गुन्हाच नव्हता. रस्त्यावरची लूट मात्र इंग्लंडला जुनीच होती.

हॉल आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी या प्रकरणावर ‘पोलिसिंग द क्रायसिस’ (१९७८) हा ग्रंथ लिहिला. बळी पडलेल्या माणसाचे दुःख त्यांनी नाकारले नाही. त्यांनी पाहिले ते वर्तुळ : बातमीदार पोलीस आणि न्यायाधीशांचे म्हणणे छापतो, ते ‘जनमत’ म्हणून अग्रलेखात येते, न्यायाधीश तेच जनमत पुढे करून जबर शिक्षा देतो आणि ती शिक्षा पुन्हा बातमी होते. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेनने अशा लाटेला ‘नैतिक घबराट’ म्हटले होते. हॉल आणि मंडळींनी पुढे विचारले की ही घबराट आत्ताच का? त्यांचे उत्तर असे की युद्धोत्तर तडजोड मोडत होती, कारखाने डळमळत होते, संप वाढत होते, आणि या सगळ्या अस्वस्थतेला एक चेहरा हवा होता. तो कृष्णवर्णीय तरुणाचा मिळाला. कडक कायद्याला लोकांची संमती अशी जमा होते, असा इशारा त्यांनी दिला. जानेवारी १९७९ मध्ये हॉलने ‘थॅचरिझम’ची मीमांसा करणारा लेख लिहिला. मार्गारेट थॅचर निवडून आल्या त्या मे महिन्यात.

घरातील भांडण अजून संपले नव्हते. पॉल गिलरॉय, हेझल कार्बी, प्रतिभा परमार आदी विद्यार्थ्यांनी १९८२ मध्ये ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ काढले. विल्यम्स आणि थॉम्पसन ज्याला ‘आपली’ संस्कृती म्हणत होते त्या ‘आपण’मध्ये कॅरिबियन आणि आशियाई माणसे धरली होती काय, असा त्यांचा सवाल होता. ‘इंग्लिश वर्किंग क्लास’ या शब्दांतील ‘इंग्लिश’कडे इतक्या वर्षांत कोणी रोखून पाहिलेच नव्हते.

हॉल तोवर केंद्रातून बाहेर पडला होता. १९७९ मध्ये तो मुक्त विद्यापीठात गेला. पूर्वशिक्षण नसलेल्या, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांसाठी ते विद्यापीठ होते आणि त्याचे पाठ बीबीसीवरून प्रसारित होत. अवघड विचार सोपे करून सांगणे तिथे भागच होते. १९९७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो तिथेच शिकवत राहिला.

अमेरिकेत मात्र विषयाला सुगी आली आणि सुगीबरोबर तणही. प्रत्येक प्रेक्षक बंडखोर आणि प्रत्येक खरेदी हा प्रतिकार, अशी स्वस्त मांडणी होऊ लागली. हॉलने १९९० मध्ये इलिनॉयच्या परिषदेत तिथल्या विद्वानांनाच सुनावले. बाहेर माणसे एड्सने मरत असताना या सिद्धांतांचा नेमका उपयोग काय, हा प्रश्न ज्याला सतावत नाही त्याचा अभ्यास निव्वळ शब्दांचा आहे, अशा अर्थाचे ते बोलणे होते. १९९६ मध्ये ‘सोशल टेक्स्ट’ या नियतकालिकाने भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकलचा मुद्दाम रचलेला निरर्थक लेख छापला आणि हसे करून घेतले.

बर्मिंगहॅमचा विभाग बंद झाला त्याच २००२ मध्ये पुण्याच्या शर्मिला रेगे यांचा लावणी आणि पोवाडा यांवरील दीर्घ निबंध ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. त्याआधी सत्यशोधक जलसे आणि गणेश मेळे यांवर त्यांनी लिहिले होते. लोकप्रिय संस्कृती ही झुंजीची जागा आहे, हा विचार त्यांनी घेतला आणि त्याला जातीचा प्रश्न घातला. बर्मिंगहॅमला तो कधी पडलाच नव्हता. लावणीतील शृंगार कोणाच्या देहावर रचला गेला? पेशवाईतील सत्तेने कोणत्या जातींच्या स्त्रियांचे श्रम आणि शरीर गृहीत धरले? पडद्यावर आलेली लावणी ‘महाराष्ट्राची लोककला’ ठरते, तेव्हा संगीत बारीतील बाईच्या वाट्याला काय उरते? पोवाडाही असाच दोन बाजूंनी ओढला गेला. जोतीराव फुल्यांनी शिवरायांवरचा आपला पोवाडा प्रसिद्ध केला तो १८६९ मध्ये, आर्नल्डचे पुस्तक निघाले त्याच वर्षी.

रेगे पुढे चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका आणि तिथे घुमणारी आंबेडकरी गाणी यांच्याकडे वळल्या. तिथे लाखोंची गर्दी जमते. ती दिवसभर उन्हात चालते, रांगेत उभी राहते आणि परतताना हातात पुस्तके घेऊन जाते. ती पुस्तके कोणी लिहिली, कोणी छापली, कोणी विकत घेतली, हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.